पकड आणि रोध: शर्यतीच्या मोटारींची वायुगतिकी

आजच्या चांगल्या सेडान मोटारीचा रोधगुणांक ०.२५ ते ०.३० च्या आसपास असतो. फॉर्म्युला वनच्या मोटारीचा हाच गुणांक पंखांच्या मांडणीनुसार ०.७ पासून १ च्याही पुढे जातो. जगातले अत्यंत निष्णात अभियंते वर्षभर ज्या यंत्राच्या एकेका मिलिमीटरवर खपतात, ते यंत्र हवा कापण्याच्या बाबतीत मालवाहू ट्रकच्या पंगतीत बसते. हा विरोधाभास नीट समजून घेतल्याशिवाय शर्यतीच्या मोटारींच्या वायुगतिकीत पुढे सरकता येत नाही.

बहुतेक सर्किटवर वेळ कमावला किंवा गमावला जातो तो वळणांत आणि वळणाआधीच्या ब्रेकिंगमध्ये. वळणातला वेग टायरच्या पकडीवर ठरतो आणि पकड टायरवरच्या भारावर. मोटारीत वजन टाकून भार वाढवता येईल, पण मग तेच वजन वळणात बाहेर फेकले जाऊ पाहते आणि फायदा उरत नाही. हवेनेच मोटारीला जमिनीवर दाबले तर भार वाढतो आणि वस्तुमान तेवढेच राहते. या दाबाला डाउनफोर्स म्हणतात. तो फुकट मिळत नाही. हवेला वळवून, वर ढकलून, भोवऱ्यांत फिरवून तो मिळवावा लागतो आणि त्या कामाची किंमत रोधाच्या, म्हणजे ड्रॅगच्या रूपाने मोजावी लागते. म्हणून शर्यतीच्या मोटारीत ड्रॅग कमी करणे म्हणजे आकार नुसता गुळगुळीत करणे नव्हे. मिळालेल्या पकडीसाठी कमीत कमी किंमत मोजणे, आणि जिथे पकड लागत नाही तिथे ती किंमत टाळणे, असा हा उद्योग आहे. गेल्या साठ वर्षांतली या क्षेत्रातली जवळजवळ प्रत्येक मोठी कल्पना या दोनपैकी एका वाटेने आलेली आहे.

किंमत किती मोठी असते हे एका छोट्या गणितावरून कळते. रोधाचे बल चार गोष्टींवर अवलंबून असते: हवेची घनता, समोरून दिसणारे क्षेत्रफळ, रोधगुणांक आणि वेगाचा वर्ग. रोधगुणांक आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार १.२ चौरस मीटर आणि समुद्रसपाटीवरची हवा धरली, तर ताशी १५० किलोमीटर वेगाला रोध सुमारे १३०० न्यूटन भरतो आणि तो पेलायला सुमारे ५३ किलोवॅट शक्ती लागते. वेग ३०० वर नेला की रोध चौपट होतो, ५१०० न्यूटनच्या घरात जातो. त्याच वेळी मोटार दुप्पट वेगाने पुढे जात असल्यामुळे लागणारी शक्ती आठपट होते: सुमारे ४२५ किलोवॅट, म्हणजे पावणेसहाशेच्या आसपास अश्वशक्ती, आणि तीही निव्वळ हवा बाजूला सारण्यासाठी. या वेगात चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय नुसता उचलला, तरी सुमारे आठशे किलोची मोटार एकट्या हवेमुळे गुरुत्वीय त्वरणाच्या साठ टक्क्यांहून जास्त मंदनाने मंदावू लागते. साध्या मोटारीत एवढ्यासाठी ब्रेक चांगला जोरात दाबावा लागतो.

हा रोध निरनिराळ्या ठिकाणी जन्मतो. पृष्ठभागाशी होणाऱ्या घर्षणाचा वाटा त्यात लहान आहे. मोठा वाटा दाबातल्या फरकाचा: मोटारीच्या समोर दाब वाढतो, मागे प्रवाह सुटतो आणि कमी दाबाचा पोकळ पट्टा तयार होऊन तो मोटारीला मागे ओढतो. फॉर्म्युला वनमध्ये चाके उघडी असणे नियमानेच बंधनकारक आहे, आणि फिरणारे रुंद टायर हे असा सुटलेला प्रवाह निर्माण करणारे सर्वांत मोठे अपराधी. पुढच्या पंखाची टोके, चाकांभोवतालच्या पट्ट्या, फरशीच्या कडा यांवर होणारे बरेचसे काम टायरमागची विस्कटलेली हवा मोटारीच्या महत्त्वाच्या भागांपासून दूर सारण्यासाठीच असते. रेडिएटर थंड ठेवण्यासाठी आत घेतलेली हवाही रोध वाढवते, म्हणून उष्ण दिवशी बॉडीवर्कमधल्या झडपा वाढवाव्या लागल्या की सरळ रस्त्यावरचा वेग थोडा उतरतो. आणि उरतो तो प्रेरित रोध. पंखाच्या वर जास्त दाब आणि खाली कमी दाब असला की टोकांकडून हवा एका बाजूने दुसरीकडे वळते आणि भोवरे बनतात. दमट हवेत मागच्या पंखाच्या टोकांपासून निघणाऱ्या पांढऱ्या रेषा दिसतात, त्या या भोवऱ्यांच्या. विमानाचे पंख लांब आणि अरुंद असल्यामुळे हा रोध आटोक्यात राहतो. शर्यतीच्या मोटारीचा पंख मात्र नियमांमुळे आखूड असतो आणि त्याच्यावर भार प्रचंड असतो. डाउनफोर्स वाढवला की प्रेरित रोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पंखाची शेवटची थोडीशी पकड सर्वांत महाग पडते ती यामुळे.

पहिल्या पिढीच्या अभियंत्यांना या व्यवहाराची फक्त एकच बाजू दिसत होती. १९२० च्या दशकात झेपेलिन हवाईजहाजांवर काम केलेल्या पॉल यारे यांनी मोटारींना थेंबासारखे आकार द्यायला सुरुवात केली. १९३० च्या दशकात मर्सिडीझ आणि ऑटो युनियन यांनी वेगाच्या विक्रमांसाठी संपूर्ण झाकलेल्या, कमी रोधाच्या मोटारी बांधल्या. २८ जानेवारी १९३८ च्या सकाळी फ्रँकफुर्ट-डार्मश्टाट महामार्गावर रुडोल्फ काराचिओला यांनी मर्सिडीझमधून ताशी ४३२.७ किलोमीटरचा वेग नोंदवला. त्याच दिवशी तो मोडण्याच्या प्रयत्नात ऑटो युनियनचे बेर्न्ड रोझेमायर यांचा मृत्यू झाला. एवढ्या वेगात हवेला वाट देणे पुरत नाही, मोटार जमिनीवर स्थिर राहील याचीही सोय हवेकडूनच करून घ्यावी लागते, हे तंत्रज्ञांच्या ध्यानात यायला अजून अवकाश होता. मर्सिडीझच्या डब्ल्यू १९६ या मोटारीने तर त्या जुन्या विचाराची मर्यादा एकाच महिन्यात दाखवली. जुलै १९५४ मध्ये रांसच्या लांबच लांब सरळ रस्त्यांवर चाके झाकलेल्या रूपात तिने पहिले दोन क्रमांक पटकावले. पुढच्याच सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत, जिथे वळणे महत्त्वाची होती, मर्सिडीझचे चालक फँजिओ यांना आपली पुढची चाके कुठे आहेत ते दिसेना आणि मोटार कडेच्या तेलाच्या पिंपांवर आपटत राहिली. त्यानंतर चाके उघडी असलेले रूप आले, आणि झाकलेले रूप मोंझासारख्या वेगवान सर्किटपुरते राखून ठेवले गेले.

विमानाचा पंख उलटा बसवावा, ही कल्पना स्विस अभियंता मिशेल माय यांनी १९५६ मध्ये पोर्शे ५५० वर अमलात आणली. न्यूरबुर्गरिंगच्या आयोजकांनी ती नाकारली. दहा वर्षांनी अमेरिकेत टेक्सासच्या जिम हॉल यांनी चॅपरॅल २ई या मोटारीवर उंच खांबांवर पंख उभारला. खांब थेट मागच्या चाकांच्या जोडावर बसवलेले असल्यामुळे पंखाचा दाब स्प्रिंगना न दबवता सरळ टायरवर उतरत असे. या मोटारीची त्याहून मोठी गोष्ट तिच्या पेडलांत होती. गिअरबॉक्सला क्लच लागत नसल्याने चालकाचा डावा पाय मोकळा होता, आणि त्या पायाने एक पेडल दाबले की सरळ रस्त्यावर पंख आडवा होऊन हवेला वाट देत असे. वळणाआधी पाय सोडला की पंख पुन्हा तिरका. पकड हवी तिथे किंमत मोजायची, नको तिथे वाचवायची, ही कल्पना १९६६ मध्येच पूर्ण रूपात तयार झाली होती.

ती टिकू शकली नाही याचे कारण घाई. १९६८ मध्ये बेल्जियमच्या शर्यतीत फेरारी आणि ब्रॅबम यांनी पंख लावले आणि काही महिन्यांत सगळेच संघ उंच, बारीक खांबांवर मोठमोठे पंख उभारू लागले. १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या माँटजुइक सर्किटवर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट यांच्या लोटस मोटारींचे पंख मोडले आणि दोन्ही मोटारी कठड्यांवर आदळल्या. मोनॅकोच्या पुढच्याच शर्यतीत उंच पंख बंद झाले. पंख मोटारीच्या शरीराला घट्ट जोडलेले असावेत आणि हवेवर काम करणारा कोणताही भाग हलता कामा नये, असा नियम स्थिरावला. त्यानंतरची चार दशके फॉर्म्युला वनचे अभियंते हा हलता भाग मागच्या दाराने आत आणायच्या खटपटीत होते.

कमी रोध आणि जास्त वेग यांचे नाते किती फसवे असू शकते, याचे सर्वांत चांगले उदाहरण फॉर्म्युला वनच्या बाहेरचे आहे. पोर्शे ९१७ ही मोटार १९६९ मध्ये ल मांसच्या लांब सरळ रस्त्यासाठी, लांब आणि खाली उतरत्या शेपटीची बांधली गेली. वेग अफाट, पण मोटार रस्त्यावर अशी भरकटायची की कसलेले चालक ती चालवायला नाखूश असत. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियात चाचण्या चालू असताना जॉन वायर यांच्या संघातले अभियंता जॉन हॉर्समन यांना एक गोष्ट दिसली. मोटारीच्या पुढच्या भागावर चिलटे चिकटून मेलेली होती, पण मागच्या स्पॉयलरवर एकही नव्हते. याचा अर्थ हवा तिथपर्यंत पोचतच नव्हती. उतरत्या शेपटीवरून प्रवाह आधीच सुटत होता. संघाने तिथल्या तिथे ॲल्युमिनियमचे पत्रे कापून शेपटी आखूड आणि उंच केली. मोटार स्थिर झाली आणि फेरीचा वेळ कमालीचा उतरला. सरळ रस्त्यावरच्या कमाल वेगाचा काही भाग देऊन हा सौदा झाला होता. जून १९७० मध्ये या आखूड शेपटीच्या रूपाने पोर्शेला ल मांसचे पहिले सर्वंकष विजेतेपद मिळवून दिले. कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या आलेखापेक्षा ती चिलटे या विषयाबद्दल जास्त सांगून जातात.

दुसरी वाट, म्हणजे पकड स्वस्तात मिळवण्याची, मोटारीच्या खालून निघाली. पंखाच्या तुलनेत मोटारीच्या पोटाखालची हवा कितीतरी कमी रोधात डाउनफोर्स देऊ शकते, कारण तिथे जमीन स्वतःच मदतीला येते. पोट आणि रस्ता यांच्यामधली जागा अरुंद करून मागे हळूहळू रुंदावत नेली की हवा अरुंद भागात वेग घेते, तिचा दाब पडतो आणि अख्खी मोटार खाली खेचली जाते. कॉलिन चॅपमन यांच्या लोटसमध्ये पीटर राइट यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या विंड टनेलमध्ये मोटारीचे मॉडेल जमिनीजवळ आणून हा परिणाम तपासला. १९७७ ची लोटस ७८ आणि तिची पुढची आवृत्ती लोटस ७९ यांच्या दोन्ही बाजूंना उलट्या पंखाच्या आकाराचे बोगदे होते आणि कडांना रस्त्यावर घासत जाणाऱ्या झालरी, बाहेरची हवा आत शिरू नये म्हणून. १९७८ चे विजेतेपद मारियो आंद्रेत्ती यांनी यांच्याच जोरावर मिळवले. त्याच वर्षी गॉर्डन मरे यांनी ब्रॅबमच्या मागे एक मोठा पंखा बसवून पोटाखालची हवा उपसून काढली. इंजिन थंड ठेवण्यासाठी तो आहे, असा अधिकृत खुलासा होता. स्वीडनमध्ये अँडरस्टॉर्प इथे निकी लाउडा यांनी ती एकमेव शर्यत जिंकली आणि मोटार मागे घेण्यात आली.

झालर एखाद्या उंचवट्यावर अडकली की पकड क्षणात नाहीशी होते आणि वळणातली मोटार चालकाच्या हातात उरत नाही. म्हणून आधी झालरी गेल्या आणि १९८३ पासून पोट सपाट ठेवण्याची सक्ती झाली. १९९४ मध्ये इमोला इथे रोलांड रात्झेनबेर्गर आणि आयर्टन सेना यांचे मृत्यू झाल्यावर त्याच मोसमात पोटाखाली लाकडी फळी आली, जेणेकरून मोटार रस्त्याच्या फार जवळ नेता येऊ नये. तरी मागच्या बाजूला वर चढणारा डिफ्यूझर उरलाच, आणि स्वस्त पकडीचा तोच मुख्य स्रोत बनला. २००९ मध्ये ब्रॉन संघाने नियमातल्या एका फटीतून दुमजली डिफ्यूझर बसवून पहिल्या सात शर्यतींपैकी सहा जिंकल्या. त्याच वर्षी कमी रोधाची मांडणी किती कामाची असते हे भारतीय मालकीच्या फोर्स इंडिया संघाने स्पा इथे दाखवले. एरवी मागच्या रांगांत असणाऱ्या या संघाचे जानकार्लो फिसिकेला तिथे पहिल्या जागेवरून सुटले आणि दुसरे आले.

२०१० मध्ये मॅक्लारेनने हलत्या भागावरची बंदी चालकाच्या शरीरानेच ओलांडली. मोटारीच्या आतून मागच्या पंखापर्यंत एक नळी नेलेली होती आणि कॉकपिटमध्ये तिचे एक छिद्र. सरळ रस्त्यावर चालकाने ते छिद्र झाकले की हवेची दिशा बदलून ती पंखाच्या फटीतून बाहेर पडे आणि पंखावरचा प्रवाह सुटे. विमानाच्या पंखावरचा प्रवाह असा सुटला तर रोध वाढतो. इथे उलट होण्याचे कारण वर आलेच आहे: आखूड, जड भाराच्या पंखात प्रेरित रोधच मुख्य असतो आणि भार गेला की तोही जातो. मोटारीचा एकही भाग हलत नव्हता, हलत होते ते माणसाचे अंग. इतर संघांनी एका हाताने मोटार चालवत दुसऱ्या हाताने छिद्र झाकण्याचे प्रकार सुरू केल्यावर ही युक्ती पुढच्या वर्षी बंद होणे योग्यच होते.

तिच्या जागी २०११ मध्ये डीआरएस आले: मागच्या पंखाची वरची पट्टी उघडून रोध कमी करणारी यंत्रणा. शर्यतीत ती वापरण्याची मुभा पुढच्या मोटारीच्या एका सेकंदाच्या आत असलेल्या चालकालाच होती, आणि तीही ठरवलेल्या पट्ट्यांत. यामागचे कारण वेगळे होते. पुढच्या मोटारीमागे हवा कमी जोराची आणि विस्कटलेली असते. सरळ रस्त्यावर तिच्यामुळे मागच्या मोटारीचा रोध घटतो, हा स्लिपस्ट्रीमचा जुना फायदा. वळणात मात्र तीच हवा मागच्या मोटारीचा डाउनफोर्स हिरावून घेते, त्यामुळे ती मुळात जवळच येऊ शकत नाही. २०१० च्या अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीत फर्नांडो अलोन्सो विताली पेत्रोव यांच्या मागे अडकून पडले आणि विजेतेपद गमावून बसले, ते या अडचणीचे ठळक रूप. डीआरएस हा तात्पुरता उपाय होता. दुखणे मोटारीमागच्या हवेत होते. फॉर्म्युला वनने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार २०२१ ची मोटार दुसरीच्या मागे २० मीटरवर ३५ टक्के आणि १० मीटरवर ४६ टक्के डाउनफोर्स गमावत असे. २०२२ साठी पोटाखालचे बोगदे परत आणून आणि मागची हवा वर फेकणारे आकार ठरवून हे प्रमाण अनुक्रमे ४ आणि १८ टक्क्यांवर आणण्याचे लक्ष्य होते. त्याबरोबर १९७० च्या दशकातला एक जुना आजारही परतला. वेग वाढला की पोट रस्त्याजवळ ओढले जाते, फट फार अरुंद झाली की प्रवाह तुंबून दाब सुटतो, मोटार वर उठते आणि पुन्हा खाली ओढली जाते. मर्सिडीझचे चालक त्या मोसमात या उड्यांनी हैराण झाले. २०२३ मध्ये फरशीच्या कडा १५ मिलिमीटर वर उचलाव्या लागल्या.

रोध आणि पकड यांचा हिशेब प्रत्येक सर्किटवर नव्याने मांडावा लागतो. मोंझाला पंख पातळ, मोनॅकोला शक्य तेवढा मोठा. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २२०० मीटरहून जास्त उंचीवर आहे. तिथे संघ मोनॅकोसारखे मोठे पंख लावतात, तरी विरळ हवेमुळे डाउनफोर्स मोंझाएवढाच मिळतो आणि सरळ रस्त्यावर वेग ३५० च्या पुढे जातो. मात्र त्याच विरळ हवेत इंजिन आणि ब्रेक थंड ठेवणे कठीण होते. फॉर्म्युला ई मध्ये हिशेबाचे चलनच बदलते. मुंबईच्या महिंद्र समूहाचा संघ २०१४ च्या पहिल्या मोसमापासून जिथे उतरतो, त्या या स्पर्धेत बॅटरीतली ऊर्जा मोजकी असते. काही शर्यतींत आघाडीवर राहणे तोट्याचे ठरते आणि चालक मुद्दाम दुसऱ्याच्या आडोशाला राहून ऊर्जा वाचवतात.

हे सगळे ठरते कारखान्यात, आणि तिथेही मोजमापाचे बंधन आहे. फॉर्म्युला वनमध्ये विंड टनेलमधले मॉडेल मूळ मोटारीच्या जास्तीत जास्त ६० टक्के आकाराचे आणि हवेचा वेग सेकंदाला ५० मीटरपर्यंतच असू शकतो. चाचण्यांचा वाटा आदल्या क्रमवारीवर ठरतो: पहिल्या क्रमांकाला मूळ मर्यादेच्या ७० टक्के, दहाव्याला ११५ टक्के. संगणकीय गणितांवरही असेच रेशनिंग आहे. म्हणून सर्किटवरच्या चाचणीत मोटारीला हिरवा किंवा पिवळा पातळ रंग फासतात, मोटार फिरून आली की हवेने ओढलेल्या त्याच्या रेषा वाचतात, आणि चाकांमागे दाबमापक नळ्यांच्या जाळ्या उभारतात. टनेल, संगणक आणि सर्किट यांची उत्तरे जुळली नाहीत तर अख्खा मोसम वाया जातो.

२०२६ च्या नियमांनी जिम हॉल यांच्या पेडलची कल्पना अधिकृतपणे परत आणली. डीआरएस गेले. पुढच्या आणि मागच्या दोन्ही पंखांच्या पट्ट्या ठरावीक सरळ भागांत सपाट करता येतात आणि ही मुभा पुढच्या मोटारीपासूनच्या अंतरावर अवलंबून नाही. दोन्ही पंख एकत्र हलवण्यामागे समतोलाचा विचार आहे, कारण मागचाच भार कमी झाला तर मोटार मागच्या बाजूने हलकी पडते. जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने (एफआयए) हे नियम जाहीर केले तेव्हा डाउनफोर्स ३० टक्क्यांनी आणि रोध ५५ टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य सांगितले होते. याचे मूळ इंजिनात आहे. विद्युत मोटरची शक्ती १२० वरून ३५० किलोवॅटवर गेली आणि एकूण शक्तीचा जवळजवळ अर्धा भाग बॅटरीकडून येऊ लागला. वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढणारी मागणी पूर्वीच्या रोधासह कायम राहिली असती, तर लांब सरळ रस्ता संपायच्या आतच बॅटरी रिकामी झाली असती. सर्किटनुसार पंखाची निवड यानेही संपत नाही. पट्ट्या सपाट केल्यावरही टायर, रेडिएटर आणि उरलेल्या पंखाचा रोध राहतोच. मोनॅकोत सरळ रस्ते इतके आखूड आहेत की तिथे वाचवण्याजोगे फारसे नसते. आणि पट्ट्या वळणाच्या स्थितीत परत आल्यानंतर सुटलेला प्रवाह पुन्हा चिकटायला जो वेळ लागतो, तेवढ्यात चालकाने ब्रेक दाबलेला असतो.